उन्हाळी कोर्स, पण आपल्या पावसाळ्यात: जर्मनीत चार आठवडे शिकायला निघालेल्यांसाठी

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. जर्मन विद्यापीठांचा ‘उन्हाळी’ कोर्स म्हणजे आपला श्रावण-भाद्रपद. तिथलं उन्हाळी सत्र जुलैच्या उत्तरार्धात संपतं, विद्यार्थी घरी जातात, वसतिगृहातल्या खोल्या आणि वर्ग मोकळे होतात. त्या मोकळ्या जागेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी तीन-चार आठवड्यांचे भाषेचे वर्ग भरतात. आपली सुट्टी मात्र मे महिन्याची. तुम्ही विमानात बसाल तेव्हा कॉलेजात नवं सत्र सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतील आणि परत याल तेव्हा अंतर्गत परीक्षा दारात उभ्या असतील. हे गणित आधी सोडवायचं, मग स्वप्नं बघायची.

मी पुण्यात जर्मनचं एम.ए. करते. २०२५च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला अशा कोर्सला जाऊन आले. आल्यापासून ज्युनिअर मंडळी चहाच्या टपरीवर गाठून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. त्यातला एकही दिवस सिमकार्ड, तिकीट, कार्डाचा ओटीपी आणि कागदांच्या झेरॉक्स यांत घालवायचा नाही. जे पुण्यात उरकता येतं ते पुण्यातच उरकायचं. तिथे फक्त बोलायला जायचं.

वर्षभर आधी: कुठे आणि कुणाच्या पैशाने

बर्लिन-म्युनिकची नावं सगळ्यांना माहीत असतात. मी मुद्दाम लहान गाव निवडलं. हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ सालचं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. गाव नेकर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आणि बहुतेक सगळीकडे पायी किंवा ट्रामने जाता येतं. मोठ्या शहरात रोजचा तास-दीड तास प्रवासात जातो, आणि दुकानात तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीवर उतरतो. हायडेलबर्गातही उतरतो, पर्यटक भरपूर आहेत, पण गल्लीतल्या बेकरीत जर्मन टिकतं.

शिष्यवृत्ती हवी असेल तर ‘डाड’ची, म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवेची, उन्हाळी कोर्ससाठी वेगळी योजना असते. गोम अशी की तिचा अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटीच करावा लागतो. पुढच्या ऑगस्टचा विचार आपल्याकडे दिवाळीत कोण करतं? मीही केला नाही, आणि मुदत गेल्यावर हळहळत बसले. शेवटी बाबांनी खर्च उचलला. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीतच प्राध्यापकांकडे शिफारसपत्रासाठी शब्द टाकून ठेवा. ‘सर, परवापर्यंत मिळेल का’ असं म्हणून मिळालेलं शिफारसपत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

स्वखर्चाने जाणाऱ्यांसाठी विद्यापीठाचा अर्ज सोपा असतो, पण जागा भरत जातात आणि स्वस्त खोल्या त्याहून लवकर संपतात. अर्ज करताना शुल्कात काय काय येतं ते नीट वाचा: फक्त वर्ग, की खोलीसुद्धा? सहली धरून की सोडून? दोन कोर्सची तुलना त्याशिवाय करताच येत नाही.

भाषेची पातळी खरी सांगा. भाषा किती येते ते मोजायच्या ए-वन, ए-टू, बी-वन या चढत्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेतच. एक पायरी वर सांगून काहीही साधत नाही, कारण पहिल्याच दिवशी पातळी ठरवणारी परीक्षा असते आणि ती तुम्हाला आपोआप योग्य वर्गात नेऊन बसवते. माझ्या मते ए-टू पूर्ण झाल्याशिवाय एवढा खर्च करू नये. ‘हे काय आहे, ते किती रुपयांना’ हे शिकायला पुण्यातले वर्ग पुरेसे आहेत.

कॉलेजची परवानगी

पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम कुणाला चुकलेला नाही. प्रवेशपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात विभागप्रमुखांना भेटा आणि लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘जाऊन ये गं’ म्हणणारे सर सप्टेंबरात तुमच्या बाजूने असतीलही, पण हजेरीचा तक्ता ते भरत नसतात. अर्जावर आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःकडे ठेवा. त्याच वेळी बोनाफाईडही काढून घ्या, कारण ते व्हिसाला लागणारच आहे, आणि त्यावर तुम्ही कोणत्या वर्षात शिकता नि सुट्टी मंजूर आहे हे दोन्ही लिहून घ्या.

क्रेडिटचा प्रश्न आत्ताच विचारा. युरोपात ते ईसीटीएसमध्ये मोजतात. एक ईसीटीएस म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तासांचं काम. आपल्या विभागात ते किती धरतील, धरतील की नाही, हे जाण्याआधी कळलेलं बरं. नाही धरले तरी जा, पण वेगळ्या हिशेबाने जा.

व्हिसा

चार आठवड्यांसाठी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या मित्रांचे सल्ले इथे ऐकू नका. त्यांचं ‘ब्लॉक्ड अकाउंट’, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं बँक खातं, त्यांची नगरपालिकेतली पत्ता-नोंदणी, यातलं काही तुम्हाला लागत नाही. या व्हिसावर नोकरीही करता येत नाही, त्यामुळे ‘तिथे कॅफेत काम करून खर्च काढेन’ हा बेत डोक्यातून काढून टाका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो. एप्रिल-मेमध्ये युरोपच्या सहलीला निघालेली कुटुंबं सगळ्या वेळा घेऊन टाकतात, म्हणून अपॉइंटमेंटवर रोज सकाळी नजर ठेवा. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात.

पासपोर्टला दहा वर्षांहून जास्त झालेली नसावीत, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. फोटोवाल्याला ‘शेंगेनचा’ एवढं सांगितलं की त्याला कळतं. आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. परतीच्या तारखेपुढे थोडे दिवस जास्तीचे घ्या, म्हणजे विमान रद्द झालं तरी धडधड होत नाही. बाकी प्रवेशपत्र, खोलीचा पुरावा, विमानाचं आरक्षण, बोनाफाईड, आईवडिलांचं खर्च उचलत असल्याचं पत्र, त्यांची बँकेची विवरणं आणि आयकर विवरणपत्र. आणि एक पानी पत्र: का जाताय आणि परत का येणार आहात. हे पत्र साधं लिहा. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘जर्मन संस्कृतीबद्दलची अथांग ओढ’ होती. ताईने वाचलं आणि म्हणाली, ‘अगं, तू लग्नाचं स्थळ सुचवतेयस का?’

शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, पण शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट मिळते. ती मागायला विसरू नका, प्रवेशपत्र त्यासाठीच पुढे करायचं असतं. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावंच लागतं.

पैसे आणि ओटीपी

जर्मनीत अजून रोख चालते, छोट्या दुकानांत तर रोखच. शंभर-दीडशे युरो सुट्या नोटांत न्या. बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकी चलन आधीच भरून नेलेल्या कार्डावर. घरचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड सोबत असेल तर त्यावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या, आपल्याकडे ते मुळात बंद असतात आणि ॲपमधून उघडावे लागतात. आणि ओटीपी! तो भारतातल्या नंबरवरच येणार. त्या नंबरवर रोमिंगचा सगळ्यात स्वस्त पॅक टाका आणि इंटरनेटसाठी निघण्याआधीच ई-सिम घ्या. मी हे केलं नाही. पहिल्या संध्याकाळी तिकीट काढायला बसले आणि ओटीपी पुण्यात, आईच्या उशाशी ठेवलेल्या जुन्या फोनवर येत राहिला. तिथे रात्रीचे साडेबारा. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. आईने झोपेत आकडे वाचले, त्यातला एक चुकीचा.

बॅग

तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. दूध आणि मांसापासून केलेले पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना आणता येत नाहीत. भडंग, चकली, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. आपली गोल तीन पिनांची प्लग तिथल्या भिंतीत जात नाही, पण फोनच्या चार्जरची दोन बारीक पिनांची जाते, आणि वीज २३० व्होल्टचीच आहे. म्हणजे लॅपटॉपपुरता एक ॲडॉप्टर बास.

गरम कपड्यांनी बॅग भरू नका. ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर जातो आणि वसतिगृहात पंखा हा प्रकार नसतो. पण एक जाकीट हवंच, पाऊस आला की संध्याकाळ एकदम थंड होते. आणि भेटवस्तू म्हणून गणपतीच्या मूर्ती, ताजमहालच्या किचेन वगैरे नेऊ नका. मी चिक्कीची पाकिटं नेली. लोणावळ्याची चिक्की दहा देशांच्या मुलांनी खाल्ली आणि दहा जणांनी ‘यात काय काय आहे’ हे जर्मनमध्ये विचारलं. एवढ्यात दोन नवीन क्रियापदं झाली.

उतरल्यावर

फ्रँकफर्टच्या विमानतळाला दोन रेल्वे स्थानकं आहेत: एक लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, एक जवळच्या गाड्यांचं. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघा. सोपा मार्ग असा: लांब पल्ल्याच्या गाडीने अर्ध्या तासात मानहाइम, तिथून पाव तासावर हायडेलबर्ग. स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीलाच बांधलेली असतात. मी मोठी हुशारी करून तसलं तिकीट महिनाभर आधी काढलं. विमान उशिरा आलं, पासपोर्टची रांग लांबली आणि गाडी माझ्याशिवाय गेली. विमानतळावरून गावात येताना महाग तिकीट घ्या, परत विमानतळावर जाताना स्वस्त. शिवाय ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे नि फोटो घेण्याची नवी व्यवस्था सुरू झाली आहे, तेव्हा रांगेसाठी वेळ हाताशी ठेवा.

हायडेलबर्गचं स्टेशन जुन्या गावात नाही. ट्राम किंवा बसने बिस्मार्कप्लाट्सला या, तिथून पुढे हाउप्टश्ट्रासं हा लांबलचक पायी रस्ता जुन्या विद्यापीठाकडे जातो. लक्ष्मी रोडवर वाहनं बंद केली आणि भोंगे काढून घेतले तर जे होईल, ते.

रविवारी उतरत असाल तर पहिल्या दिवसाचं खाणं सोबत ठेवा. दुकानं बंद असतात. खरोखर बंद. स्टेशनातलं एखादं उघडं सापडतं. नळाचं पाणी पिता येतं, त्यामुळे बाटल्या विकत घेत बसू नका. घेतलीत तर फेकू नका: एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून आईस्क्रीमचे पैसे काढले.

फिरण्यासाठी ‘डॉइचलांड-टिकेट’ घ्या. मी गेले तेव्हा महिन्याचे ५८ युरो होते, जानेवारी २०२६पासून ६३ झाले. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि साध्या गाड्या त्यावर चालतात, वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या नाही. दोन खाचखळगे आहेत. एक, ते १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं असतं, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून तीस दिवसांचं नव्हे. दोन, ते सदस्यत्व असतं: महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. विकत घेतलं त्याच दिवशी रद्द करा, महिनाभर चालतंच. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

वर्गात

वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी.टी.’ अशी अक्षरं दिसली तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर काट्यावर. ही जुनी विद्यापीठी लॅटिन पद्धत आहे. महाराष्ट्रातल्या माणसाने ‘एस.टी.’ म्हणजे वेळेवर हे लक्षात ठेवायला दोन दिवस लागतात.

भाषेच्या वर्गात आपण मागे पडू ही भीती सोडा. उलट मराठी माणसाला जर्मनमध्ये छुपे फायदे आहेत, आणि ते आपल्याला वर्गात कुणी सांगत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजीतून येणारे कपाळावर हात मारतात. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून आहे. त्यांच्याकडे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून जग हसतं, पण आपणही ‘ते पोरगं’, ‘ते कार्टं’ म्हणतोच की. अर्थात कोणत्या शब्दाचं लिंग कोणतं हे जुळत नाही, ते पाठच करावं लागतं.

दुसरं, ‘कारण’, ‘की’ असे शब्द आले की जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. स्पॅनिश मुली तिथे रोज अडखळायच्या. आपलं क्रियापद कायमच शेवटी. ‘एर मोर्गन कोम्ट’, तो उद्या येतो, शब्दाला शब्द. फक्त ते मनात इंग्रजीतून नेऊ नका. मराठीतून थेट न्या, आपोआप बरोबर येतं. तिसरं, त्यांचं ‘झेड’ हे अक्षर म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च. ‘चहा’तला नव्हे. इंग्रजी माध्यमातली मुलं इथे ‘झ’ म्हणून फसतात.

आणि ‘झी’ आणि ‘डू’, म्हणजे तुम्ही आणि तू. विद्यार्थी एकमेकांना लगेच ‘डू’ म्हणतात, शिक्षकांना आणि दुकानात ‘झी’. पण आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि सासूबाईंना ‘तुम्ही’, त्यामुळे हे कळायला व्याकरण लागत नाही. फक्त वयाने मोठ्या वर्गमित्राला आदराने ‘झी’ म्हणू नका. माझ्या वर्गात साठीच्या एक जपानी बाई होत्या. मी दोन दिवस त्यांना ‘झी’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हात पुढे केला आणि म्हणाल्या, ‘आपण डू म्हणू या.’ मला मात्र ते मराठीत भाषांतर करून म्हणवेना.

ताट आणि फोडणी

दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत जेवा. जुन्या गावातल्या मार्श्टालच्या मेन्सात ताट वजनावर असतं: हवं ते वाढून घ्यायचं आणि तराजूवर ठेवायचं. पहिल्या दिवशी मी बटाटे आणि रस्सा असं जड सामान भरून घेतलं आणि पैसे बघून गप्प झाले. मग शहाणी झाले: पालेभाजी, सॅलड, थोडी पास्ता. शाकाहारी लोकांचे हाल होतात ही जुनी गोष्ट झाली. शाकाहारी, अगदी दूधही नसलेलं, सगळीकडे मिळतं आणि पाटीवर लिहिलेलं असतं.

संध्याकाळी मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात करून खा. पण फोडणी जपून. चौथ्या दिवशी मला वरण-भाताची तलफ आली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही ओरडायला लागला की साडेनऊ वाजता अख्खा मजला चपला घालून रस्त्यावर. वसतिगृहाचे रखवालदार आले, त्यांनी भोंगा बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हणाले: ‘खिडकी.’ काही इमारतींत भोंगा थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि बंब फुकट आला तर त्याचं बिल येऊ शकतं. माझं नशीब चांगलं. तेव्हा आधी खिडकी सताड उघडा, दार बंद करा, आच मंद ठेवा, किंवा फोडणी घरून कोरडी करून न्या.

गंमत म्हणजे त्या रात्रीपर्यंत मी मजल्यावर कुणाला ओळखत नव्हते. रस्त्यावर उभं राहून प्रत्येकाला ‘माफ करा, मोहरी होती’ असं सांगता सांगता ओळख झाली. मोहरीला जर्मनमध्ये ‘झेन्फ’ म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती सॉसेजबरोबरची पिवळी पेस्ट येते, त्यामुळे ती पेस्ट पेटली कशी हे समजावण्यात अर्धा तास गेला. अशी तोंडी परीक्षा वर्गात झाली नाही. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, तेव्हा याच मंडळींनी उकडीच्या मोदकांच्या पाऱ्या दाबल्या. आशियाई दुकानात तांदळाचं पीठ आणि नारळ दोन्ही मिळतात, गूळ शोधावा लागतो. वाफेला भोंगा ओरडत नाही.

दहानंतर शांतता पाळा, रविवारी दिवसभरही. कचरा वेगवेगळा: कागद, ओला, पॅकिंगचा पिवळा, उरलेला. काच वेगळी, ती रस्त्यावरच्या टाकीत, आणि रविवारी टाकायची नाही, आवाज होतो म्हणून. चुकलात तर शेजारच्या आजी तुम्हाला सांगतील. ऐकून घ्या, भाषेचा सराव समजा.

बोलायचं कुणाशी

आता मुख्य गोष्ट. कोर्समध्ये चार-सहा भारतीय असतातच. पहिल्या संध्याकाळी ते आपोआप एकत्र येतात, चौथ्या दिवशी त्यांचा ग्रुप होतो, आणि मग हिंदी-इंग्रजीत महिना निघून जातो. मला ते लोक आवडले, अजून संपर्कात आहोत, पण मी आठवड्यातून एकच संध्याकाळ त्यांच्याबरोबर काढायची असा नियम केला होता. थोडं वाईट वाटलं त्यांना. वाटू दे.

समोरचा जर्मन माणूस तुमची धडपड पाहून इंग्रजीत वळेल. तो सौजन्य म्हणून वळतो, तुमचा अपमान करायला नाही. तेव्हा हसून म्हणा: ‘क्योनन वीअर बिटं डॉइच श्प्रेशन?’ आपण जर्मनमध्ये बोलू शकतो का? मला एकदाही नकार मिळाला नाही. त्याच बेकरीत रोज त्याच वेळी जा. पहिल्या आठवड्यात फक्त पावाचं नाव, दुसऱ्यात हवामान, तिसऱ्यात काउंटरवरच्या बाईंनी मला त्यांच्या नातवाचा फोटो दाखवला. संध्याकाळी नेकरकाठच्या हिरवळीवर सगळं तरुण गाव पसरलेलं असतं. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, वेळ भरपूर आहे. विद्यापीठात भाषेची अदलाबदल करायला जोडीदार शोधण्याच्या पाट्या लागतात. तुम्ही तिला हिंदी द्या, ती तुम्हाला जर्मन देईल.

नदीकाठच्या एका रस्त्याला मुहम्मद इक्बाल यांचं नाव आहे. १९०७मध्ये ते इथे राहून जर्मन शिकले होते. म्हणजे आपण काही नवीन करत नाही आहोत. पण मला जास्त जवळचं वाटलं ते उलट्या दिशेने केलेलं एक काम. इथल्या विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२पासून आहे, आणि तिथेच गुंथर सोन्थायमर शिकवायचे. खंडोबा, बिरोबा, धनगरांच्या ओव्या यांवर काम करणाऱ्या कुणालाही हे नाव टाळता येत नाही. १९९२मध्ये ते गेले. जेजुरीच्या यात्रेत आणि धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसणारा हा माणूस या शांत, टापटीप गावातून येत होता, हे तिथल्या रस्त्यावरून चालताना खरं वाटत नाही. धनगराच्या तोंडची ओवी त्यांना वर्गात बसून मिळाली नसती. एक दुपार काढून त्या संस्थेकडे चक्कर मारा, बेर्गहाइम भागात आहे, ट्रामने दहा मिनिटं.

शनिवार-रविवारी लांब पळू नका. पॅरिस-प्राग-ॲमस्टरडॅम दोन दोन दिवसांत उरकणारे सोमवारी वर्गात पेंगताना मी पाहिले. श्पायरचं कॅथेड्रल, श्वेत्सिंगनची बाग, मानहाइम हे सगळं महिन्याच्या तिकिटात बसतं आणि संध्याकाळी परत येता येतं. गावातच विद्यार्थ्यांचा जुना तुरुंग आहे. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ स्वतःच कोंडायचं, १९१४पर्यंत. भिंती त्यांनी चित्रांनी आणि नावांनी रंगवून टाकल्या आहेत. आपल्या हॉस्टेलच्या भिंती आठवतात.

आजारी पडलात तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक, आणि डॉक्टरांची वेळ संपल्यावर सल्ल्यासाठी ११६११७. साध्या सर्दीला औषधांच्या दुकानात गेलं तरी पुरतं, पण अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. विम्याचा कागद फोनमध्ये आणि छापील, दोन्ही ठेवा.

निघताना

शेवटच्या आठवड्यात सगळे रडण्यात आणि फोटोंत गुंतलेले असतात, तेव्हाच कार्यालयात जा. प्रमाणपत्रावर चार गोष्टी आहेत का बघा: पातळी, एकूण तास, ईसीटीएस, शिक्का. तास लिहिलेले नसतील तर लिहून मागा. आपल्याकडे मोजदाद तासांनीच होते आणि नंतर ईमेलवर हे मिळायला महिने लागू शकतात. कोर्समध्ये काय काय शिकवलं याचं एक पान वेगळं मागून घ्या, जर्मनमध्ये असलं तरी चालेल, इंग्रजी मिळालं तर उत्तम. खोलीची किल्ली देताना पावती घ्या, अनामत रक्कम कशी परत येणार ते विचारा. उरलेली नाणी खर्च करून टाका, नाणी इथे कुणी बदलून देत नाही.

पुण्यात उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी विभागात जा, जेट लॅग वगैरे नंतर. आमच्या कार्यालयातल्या बाईंनी मूळ प्रमाणपत्र पाहिलं, शिक्का बोटाने तपासला, आणि हजेरीच्या अर्जासोबत तीन प्रती मागितल्या. मी एकच काढली होती. त्यांनी खणातून स्वतःची चिल्लर काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, ‘जा, खालून काढून आण. आणि हे वाचून दाखव मला, काय लिहिलंय ते.’

मी वाचून दाखवलं.